समुद्रातली जुनी बोट आपल्या तलावात चालेल का?

आमगाव : 22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. कर्ज शेतीच्या दराने मिळणार म्हटल्यावर डोंगा वल्हवून दमलेल्या ढिवर बांधवांना मोबाईलवरच्या जुन्या फायबर बोटीचा मोह पडणारच. पण समुद्राची बोट लाटा कापायला बनते. तिचा तळ निमुळता, पाण्यात खोल जाणारा. आपले मालगुजारी तलाव उथळ, उन्हाळ्यात तर गाळच वर येतो. इथं सपाट बुडाची हलकी होडीच कामाची.

तरी घ्यायचीच, तर इंजिन बसतं ती मागची फळी ठोकून पाहा. आवाज बद आला तर आतलं लाकूड कुजल्याची शंका घ्या. खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं इंजिन रंगाखाली लपतं. अन् मत्स्यसंपदा योजनेचं 40 टक्के (महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60) अनुदान नव्या होडीसाठी आहे. संस्थेचा पैसा देण्याआधी गोंदियाच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून या.