पिन कधी टाकायचा?

१ मे २०२५ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला आणि असा देशातला पहिला जिल्हा म्हणून त्याचा गाजावाजाही झाला. कणकवली तालुक्यातल्या फोंडाघाटच्या शेतकऱ्याच्या घरात मात्र तंत्रज्ञान त्याआधीच शिरलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली आणि सातबाऱ्यावर लागणारं पीक ज्याने त्याने मोबाइलवरून नोंदवायचं ठरलं. मग आजोबा काजूच्या बागेत उभे राहतात. फोटो काढणं, गट नंबर टाकणं हे नातवाचं काम. शाळेत कुणी न शिकवताही पोर हे निभावून नेतं, म्हणून मोठ्यांची समजूत होते की मुलांना मोबाइल आपोआप येतो. शाळांमधल्या तंत्रज्ञानाचं नियोजनही याच समजुतीवर चाललं आहे. टॅब द्या, स्मार्ट बोर्ड लावा, फीत कापा. पुढचं मुलं बघून घेतील.

मुलं काय बघून घेतात, ते २०२४ च्या ‘असर’ पाहणीत आलं आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यातल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरली होती, अभ्यासासाठी फोन घेतला होता ५७ टक्क्यांनी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांत पासवर्ड बदलता येणारी मुलं सुमारे ५८ टक्केच. म्हणजे बोटं सराईत झाली, पण आपण नेमकं काय करतो आहोत याची समज मागे राहिली. ‘तुमच्या खात्यात दोन हजार जमा होणार आहेत, पिन टाका’ असा मेसेज आला, तर पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे घरात कुणाला तरी ठाऊक हवं. माझ्या मते डिजिटल साक्षरतेचं नियोजन इथून सुरू व्हावं. दहावी पास होणाऱ्या मुलाला काय काय कळलं पाहिजे, ते आधी लिहून काढायचं. मग त्यासाठी वेळापत्रकात तास आणि तो तास घेणारा शिक्षक ठरवायचा. खरेदीची यादी त्यानंतर.

आजवर हे उलट्या क्रमाने झालं. शाळांसाठी केंद्राची आयसीटी योजना २००४ ची. महाराष्ट्राने ती कंत्राटी पद्धतीने राबवली: संगणक कंपनीचे, शिकवणाराही कंपनीचा, करार पाच वर्षांचा. करार संपला की शिकवणारा घरी आणि यंत्रं शाळेच्या गळ्यात. घाटाच्या पायथ्याला चार महिने धो धो पाऊस. बंद खोलीतल्या संगणकाचं त्यात काय होतं, ते सांगायला तज्ज्ञ नको. हे आपलंच दुर्दैव असंही नाही. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत फरक पडल्याचं दिसलं नाही. केरळने २००१ पासून वेगळा मार्ग धरला. शाळेतल्या नेहमीच्याच शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, प्रत्येक शाळेत त्यांच्यातल्याच एकावर समन्वयाची जबाबदारी टाकली, मुक्त सॉफ्टवेअर वापरलं आणि विषय थेट दहावीच्या परीक्षेत घातला. परीक्षेत आला की आपल्याकडेही पालक विचारू लागतात, हे काही लपून राहिलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मुलांना धड वाचता येत नाही, तिथे हे कसले लाड? पण ओटीपीच्या मेसेजमध्ये ‘कुणालाही सांगू नका’ असं लिहिलेलं असतं आणि ते न वाचताच आकडा सांगून माणसं फसतात. हा वाचनाचाच धडा आहे, मराठीच्या तासाला घेता येईल असा. कर्जाच्या अॅपवरचं व्याज गणिताच्या तासाला काढता येईल. दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. शिक्षक आधीच ऑनलाइन माहिती भरून थकलेत. पोषण आहार, यूडायस, रोज नवी लिंक. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत हा नवा विषय घेणार कोण? तेव्हा सरकारने आधी हे माहिती भरण्याचं काम कमी करावं आणि त्यातून सुटलेला वेळ प्रशिक्षणाला द्यावा. शाळेमागे दहा संगणक हा हिशोबही अशा शाळेला लागू पडत नाही. पटावर पंधरा मुलं असतील, तर चालणारा एक लॅपटॉप आणि तो बिघडल्यावर आठवड्याच्या आत येणारा दुरुस्तीवाला, एवढं पुरे. निविदांमध्ये यातला लॅपटॉप तेवढा असतो.

रेंजचं दुखणं खरंच आहे. २०२० च्या टाळेबंदीत याच कणकवली तालुक्यात दारिस्त्याच्या डोंगरावर झोपडी उभारून ऑनलाइन वर्ग करावे लागले होते. टॉवर हवेतच, वीजही हवी. पण तोवर थांबण्याचं कारण नाही. जुलैत फोंडाघाटला वीज गेली असली तरी बाईंना फळ्यावर तो दोन हजारांचा मेसेज लिहिता येतो, आणि आठवीच्या वर्गाला विचारता येतं: हा पिन कोण मागतंय, आणि कशाला?