डोलकाठी मोडली तर?

खासबागेतल्या मुलीने समुद्रावरच्या रेडिओविषयी लिहावे, हे पाहून आमच्या वर्गातील मैत्रिणी हसतील. हसोत बापड्या! आमच्या गल्लीत आवाज आहे तो मागांचा. समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. पण माझे मामा मालवणला असतात. त्यांनी दोघा भागीदारांबरोबर एक जुनी शिडाची होडी विकत घेतली आणि तिच्यावरील रेडिओसाठी आलेली तीन दरपत्रके माझ्याकडे पाठवून दिली. "अगो, तू कॉमर्सवाली ना? सांग बघू यातला स्वस्त कुठला," एवढाच त्यांचा प्रश्न.

दोन रात्री त्या कागदांवर घालवल्यावर माझे मत असे झाले की प्रश्नच अपुरा आहे. स्वस्त कुठला हे बेरीज करून कळते. पण संकटात आपले बोलणे कोण ऐकणार, आणि त्या वेळी आपला हात संचापर्यंत पोचणार का, हे दरपत्रकात कोणी लिहीत नाही.

या संचाला व्हीएचएफ म्हणतात. त्याच्या सोळा क्रमांकाच्या चॅनलवर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्‌झवर, जगभरची जहाजे आणि आपले तटरक्षक दल कान ठेवून असते. मामांचे एक भागीदार म्हणत होते, "मोबाईल आहे की सगळ्यांकडे, रेडिओ हवा कशाला?" मोबाईलवर आपण एकाच माणसाला हाक मारतो, आणि तो माणूस जेवत असेल किंवा झोपला असेल. शिवाय टॉवर उभे केलेले असतात ते जमिनीवरच्या गिऱ्हाइकांसाठी. सोळा नंबरवर मारलेली हाक मात्र टापूतल्या ज्याचा ज्याचा संच चालू आहे त्या सर्वांना एकदम ऐकू जाते. शेजारच्या मच्छीमार ट्रॉलरला आणि दूरच्या तेलवाहू जहाजालाही.

आता वॉटची गोष्ट. एका दुकानदाराने ठळक अक्षरांत लिहिले होते : '25 वॉट, जास्तीत जास्त ताकद!' अहो, बसवायच्या सर्वच संचांची कमाल मर्यादा 25 वॉट असते. त्यात विशेष ते काय? या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून ताकदीपेक्षा उंची महत्त्वाची. पाण्यापासून 10 मीटर उंच डोलकाठीच्या टोकावर अँटेना असेल तर तिची पोच सुमारे 13 किलोमीटर. तशाच दुसऱ्या होडीशी बोलायचे तर दोघींची पोच मिळून 26. हातात धरायच्या संचाची अँटेना दीड मीटरवर असते, तिची पोच जेमतेम 5 किलोमीटर. म्हणजे पैसा घालायचा तो अँटेनात. तीही फार तीव्र नको, कारण अशी अँटेना आपली सारी शक्ती चपट्या थाळीसारखी आडवी फेकते आणि वाऱ्याने होडी कलली की थाळीची एक कड पाण्यात, दुसरी आकाशात!

दुसरी जागा केबलची. बारीक केबल घेतली तर पंधरा मीटरच्या प्रवासात जवळजवळ निम्मी शक्ती ती वाटेतच गिळते. आमच्या बाजारपेठेतसुद्धा एवढी दलाली कोणी घेत नाही. आणि गंमत अशी की तिन्ही दरपत्रकांत केबलीचा प्रकार लिहिलेलाच नव्हता, नुसते 'केबलसह'.

संचावर झाकणाखाली एक लाल बटण असते. ते दाबून धरले की सत्तर क्रमांकाच्या चॅनलवरून संकटाचा संदेश आपोआप जातो, होडीची नऊ आकडी ओळख आणि ठिकाणासह. भारतीय नौकांचे हे क्रमांक 419 ने सुरू होतात. त्यासाठी सरकारी परवाना काढावा लागतो, तो क्रमांक संचात भरावा लागतो आणि संचाला जीपीएस हवे. हे न करता घेतलेले लाल बटण म्हणजे खाते न उघडता घेतलेले चेकबुक. म्हणून या बटणासाठी जास्त पैसे मोजा, पण कागदपत्रे पुरी करण्याची तयारी असेल तरच, असे मी मामांना कळवले.

इथपर्यंत हिशेब सरळ होता. मग मला अभिलाष टॉमी यांची हकिगत आठवली. 2013 साली कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे हे पहिले भारतीय. त्यांची त्या वेळची नौका 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली. जिचे नाव तिला दिले ती नदी उगम पावते आपल्याच खानापूर तालुक्यात. (तिच्या पाण्यावरून तीन राज्ये भांडतात, तो विषय वेगळा.) पुढे 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांच्या 'थुरिया' या दुसऱ्या नौकेची डोलकाठी हिंदी महासागरातील वादळात मोडली. पर्थपासून सुमारे 1900 सागरी मैलांवर टॉमी पाठीला जबर मार बसून पडून होते. उपग्रहावरून लिहिलेल्या संदेशांमुळे जगाला कळले. 24 सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलले.

तेव्हा संयोजकांनी कळवले होते की त्यांच्याकडे हातातला व्हीएचएफ संच आणि दुसरा उपग्रह फोन होता. पण तो आणीबाणीच्या पिशवीत होता आणि त्यांना पिशवीपर्यंत जाता येत नव्हते.

यात दोष कोणाचाच नाही. पिशवी नीट भरून ठेवणे हाच नियम. परंतु इतक्या जाणत्या दर्यावर्दीवर ही वेळ येते, तर मामांचे काय? एवढ्या लांबून हातातला संच कोणापर्यंत पोचला नसता हे खरे. पण मदतीचे जहाज वा विमान जवळ आले की बोलायला तोच उरतो, कारण डोलकाठीबरोबर अँटेनाही गेलेली असते. आमच्या शेडमध्ये माग थांबवायचा दांडा विणकराच्या हाताच्या टप्प्यात असतो. तो कपाटात ठेवावा असे कोणी म्हणणार नाही. म्हणून माझा आग्रह असा : बसवायचा संच घ्याच, पण पाण्यावर तरंगणारा एक छोटा संचही घ्या, आणि तो पिशवीत न ठेवता सुकाणूवरच्या माणसाच्या अंगावर बांधा. खर्च वाढेल. भागीदार कुरकुरतील. कुरकुरू द्यावे.

राहिली भाषा. संचाबरोबरची पुस्तिका सगळी इंग्रजीत. मी मराठी माध्यमातून आलेली. पहिल्या वर्षी अकाउंटन्सीचे पुस्तक समोर ठेवून मी रडले आहे. होडी बुडत असताना परकी पुस्तिका उघडणाऱ्याचे काय होईल, याची मला म्हणूनच चांगली कल्पना आहे. सोळा नंबरवर बोलायचे असते ते थोडेच : 'मेडे' तीनदा, होडीचे नाव तीनदा, मग आपण कोठे आहोत, काय झाले, माणसे किती. शब्द इंग्रजीच राहू देत, परदेशी जहाजालाही ते कळले पाहिजेत. पण ते आपल्या लिपीत डोळ्यांसमोर हवेत. विकणाऱ्यांनी असा एक कागद बरोबर देऊ नये, हे मला खरोखर लाजिरवाणे वाटते.

शेवटी तो कागद मीच लिहिला. वर देवनागरी आणि खाली कन्नड, कारण मामांचा खलाशी कुमट्याकडचा आहे. मामांनी तो प्लॅस्टिकमध्ये घालून संचाच्या शेजारी चिकटवला. दिवाळीत मी मालवणला गेले तेव्हा खलाशाने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग जरा संकोचून म्हणाला, "अक्का, कन्नडात एक काना चुकलाय." मी तिथेच पेनने दुरुस्त केला.