नाल्यातला दगड उलटून पहा



माती परीक्षण आता तुम्हाला नवे राहिलेले नाही. पण ज्या नाल्यावर बैल पाणी पितात, बायामाणसे कपडे धुतात, त्या नाल्याचे परीक्षण कोण करतो? आपल्या आर्वी तालुक्यातले नाले वर्धा नदीला मिळतात आणि त्याच नदीवर धनोडीला निम्न वर्धा धरण आहे. आपल्या शिवारातून वाहून गेलेले औषध कुणाच्या तरी पुढ्यात जातेच.

बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत द्यावे, हे खरे. पण बाटली त्या घटकेपुरतेच सांगते. सोमवारी कुणी फवारणीचा पंप नाल्यात धुतला आणि तुम्ही गुरुवारी नमुना घेतला, तर पाणी निर्दोष निघायचे. प्राणवायूचे तर तासागणिक बदलते. २५ अंश उष्णतेला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. युरिया वाहून आला की शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी मोजाल तर पाणी उत्तम! रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे पाणी गुदमरते. पहाटे मोजायला जातो कोण? पाण्यातल्या किड्यांना मात्र तीही वेळ तिथेच काढावी लागते. काहींचे तर कित्येक महिने त्याच दगडाखाली जातात.

दिवाळीच्या सुमारास, पूर येऊन दोन-तीन आठवडे झाले म्हणजे, पाणी खळखळ वाहते अशा जागी जा. ताजा पूर किडे धुऊन नेतो, म्हणून घाई नको. मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधून प्रवाहात आडवा धरा, वरच्या अंगाला पायाने दगड हलवा, आणि जाळीत आलेले पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात सोडा. पोरांना बरोबर घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

केसासारख्या तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना फडफडणारे कल्ले असलेली चपटी पिल्ले दिसली, तर समाधान माना. चतुराची धाकटी बहीण, म्हणजे टाचणी, तिच्या पिल्लालाही तीन शेपट्या असतात. पण त्या पानासारख्या रुंद असतात, तिथे फसू नका. वाळूचे कण चिकटवून घर करणारी अळीही बहुधा चांगल्या पाण्याची खूण. उलट नुसत्या लालभडक अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे सापडले, तर पाणी बिघडले समजा. त्या अळीच्या अंगात आपल्यासारखाच रक्ताचा लाल रंग असतो, म्हणून ती थोड्या प्राणवायूवर तग धरते. पाण्यावर पळणारे किडे मोजूच नका, ते वरची हवा घेतात.

ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास यावर गुण द्यायची पद्धत बसली: सर्वांत नाजूक किड्यांना १०, लाल अळीच्या कुळाला २, गांडुळाच्या जातीला १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशा किड्यांवरून पाण्याचे वर्ग पाडले आहेत. आपल्याला एवढा हिशेब नको. गावाच्या वर एकदा आणि गावाखाली एकदा पहा, नि वहीत टिपा. दोन जागांतला फरक बोलतो.

एक मात्र बजावतो. किडे चांगले निघाले म्हणून ते पाणी पिऊ नका, रोगजंतू ताटात दिसत नाहीत. आणि किडे नाहीसे झाले तरी कोणत्या विषाने, हे ते सांगत नाहीत. तिथे प्रयोगशाळाच हवी. सामू ६.५ ते ८.५ आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत, ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. सामू थोडा ८ च्या वर दिसला तर घाबरू नका, आपल्या काळ्या जमिनीचे पाणी तसेच असते.

कपाशीवर तुडतुड्यासाठी मारतो ते इमिडाक्लोप्रिड या तीन शेपट्यांच्या पिल्लांना अगदी अल्प मात्रेतही मारक ठरते. तेव्हा डबा रिकामा झाला की तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि त्याच शेतात फवारा. पंपही बांधावरच धुवा, नाल्यापासून लांब.