रुग्णवाहिकेचीही प्रकृती तपासा

रक्तदाबाच्या रुग्णाला मी रोज गोळी घ्यायला सांगतो. तो मान डोलावतो, चार दिवस बरे वाटले की गोळी बंद करतो. मग एके दिवशी तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो आणि सारे घर धावाधाव करते. आपल्या सरकारी गाड्यांचीही हीच तऱ्हा आहे. चालते तोवर कोणी बघत नाही, बंद पडली की धावपळ.

आरोग्याच्या सदरात गाड्यांचे काय काम, असे काही वाचक विचारतील. त्यांच्यासाठी एक जुना अनुभव सांगतो.

१९९०च्या दशकात मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी होतो. एका पावसाळी रात्री बाळंतपणानंतर एका बाईचा रक्तस्राव थांबेना. केंद्रात रक्त देण्याची सोय नव्हती. तिला शहरात हलवणे हाच उपाय होता. जीप दारातच उभी होती, पण बॅटरी उतरलेली. नव्या बॅटरीची मागणी कितीतरी दिवस कागदावरच फिरत होती. शेवटी शिपाई, बाईचा दीर आणि मी असे तिघांनी चिखलातून धक्का मारून गाडी उतारावर नेली, तेव्हा ती सुरू झाली. बाई वाचली, पण ते तिचे नशीब. असा रक्तस्राव धडधाकट बाईचाही जीव काही तासांत घेऊ शकतो.

त्यानंतर दिवस पालटले, हे मान्य केलेच पाहिजे. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि गरोदर मातेला सरकारी दवाखान्यात नेणे-आणणे मोफत झाले. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. सोबत डॉक्टरही आला. पण गाडीला हिरवा झेंडा दाखवणे हे एका दिवसाचे काम आणि ती चालू ठेवणे हे रोजचे.

१५ वर्षांवरील सरकारी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे नाही, असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. नियम योग्यच आहे. मात्र जुनी गाडी निघाली आणि नवी आली नाही, तर मधल्या काळात बाळंतिणीने काय करायचे? गाडीचे वय काही अचानक वाढत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षीच बदलीची तजवीज सुरू व्हायला हवी.

माझ्या मते उपाय साधे आहेत. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड असते, तसे प्रत्येक गाडीचे कार्ड असावे. त्यात ऑइल, टायर, ब्रेक, बॅटरी यांच्या तारखा असाव्यात आणि ते केंद्राच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असे लावावे. किरकोळ दुरुस्तीचा खर्च वैद्यकीय अधिकाऱ्याला तिथल्या तिथे करता यावा. पंक्चरसाठी जिल्ह्याची सही लागू नये. गाडी गॅरेजला गेली तर तालुक्यात एक राखीव गाडी असावी. रात्रभर जागलेल्या चालकाला सकाळी पुन्हा स्टिअरिंगवर बसवू नये. आणि जिल्ह्यात गाड्या किती, याऐवजी महिन्यातून किती दिवस चालू होत्या आणि फोन केल्यापासून किती मिनिटांत पोहोचल्या, याचा हिशेब मांडावा.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न नेहमी येतो. वेळेवर ऑइल बदलायला लागते त्याच्या कितीतरी पट खर्च इंजिन उघडल्यावर येतो. रोजची गोळी स्वस्त आणि पक्षाघात महाग, हे जसे खरे, तसेच हेही.

वाचकांनीही दोन गोष्टी कराव्यात. घरात गरोदर बाई असेल तर १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा आणि आठव्या महिन्यातच शेजारच्या एखाद्या गाडीवाल्याशी बोलून ठेवा. आणि पुढच्या ग्रामसभेत रस्ते-गटाराबरोबर एक प्रश्न विचारा: आपल्या केंद्राची रुग्णवाहिका गेल्या महिन्यात किती दिवस बंद होती? दर वेळी कोणीतरी हे विचारणार आहे हे ठाऊक असले, तर बॅटरी वेळेवर बदलली जाईल.