काला-आजार ओसरला, निदानाचे काय?

कोलकात्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत, वीज नाही, नळाचे पाणी नाही, अशा स्थितीत कंदिलाच्या उजेडात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास ‘युरिया स्टिबामाइन’ हे काला-आजारावरील औषध सिद्ध केले. त्या औषधाने असंख्य जीव वाचले. आज उणीव औषधाची नाही, अचूक निदानाची आहे.

वालुमाशीच्या दंशातून शरीरात शिरणारा हा परजीवी प्लीहेत ठाण मांडतो. त्याच्या बळींत अनेक जण मातीच्या घरांत राहणारे, बिहारमधील मुसहर वस्त्यांतील मजूर. गावपातळीवर निदानासाठी ‘आरके-३९’ ही पट्टी वापरली जाते. तिचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु ती परजीवी शोधीत नाही; त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती रोगी बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे टिकतात. मग एकदा बरा झालेला मजूर पुन्हा तापाने फणफणला, तर पट्टीने काय सांगावे? उरतो तो मार्ग प्लीहेत सुई खुपसण्याचा. त्यात रक्तस्रावाचा धोका, आणि त्यासाठी रोजंदारी बुडवून मोठे रुग्णालय गाठणे आले.

विद्युत-रासायनिक जैवसंवेदक येथे उपयोगी पडू शकतो. नाव अवघड असले तरी तत्त्व घरोघरच्या ग्लुकोमीटरचेच आहे. पट्टीवरील विद्युतअग्रावर परजीवीचे प्रथिन किंवा डीएनए पकडणारा रेणू बसवायचा. सावज सापडले की विद्युतप्रवाह बदलतो आणि यंत्र तो मोजते. अशा संवेदकांवर प्रयोगशाळांत काम झाले आहे, शोधनिबंधही निघाले आहेत. वस्तीपर्यंत मात्र काही पोहोचलेले नाही. कारण उघड आहे. मधुमेह श्रीमंतांनाही होतो, म्हणून ग्लुकोमीटर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मुसहर वस्तीतील तापाला गिऱ्हाईक कोण?

२०२३ अखेर देशातील सर्व ६३३ बाधित तालुक्यांत रुग्णसंख्या दहा हजारांमागे एकाच्या खाली आली. हे यश मोठेच. पण त्यामुळे बाजार आणखी आटतो आणि हा ताप ओळखणारे डॉक्टरही विरळ होत जातात. हिवतापासाठी झालेल्या डीडीटी फवारणीने काला-आजार पूर्वीही जवळजवळ नाहीसा झाला होता; फवारणी थांबली, आणि १९७७ च्या सुमारास बिहारात तो साथ होऊन परतला.

म्हणून शासनाने आगाऊ खरेदीची हमी देऊन असे संवेदक बनवून घ्यावेत आणि पाटण्याच्या राजेंद्र स्मारक संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, खऱ्या रुग्णांवर त्यांची परीक्षा घ्यावी. आरंभ अशा रुग्णांपासून व्हावा, ज्यांचा ताप गेला आहे पण त्वचेवर चट्टे उमटले आहेत. त्यांना स्वतःला फारसा त्रास नसतो, त्यामुळे ते रुग्णालयात येत नाहीत. वालुमाशी मात्र त्यांच्याकडूनही परजीवी उचलते.