मंडईची पिशवी, सकाळची बातमी

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन पारखणारा माणूस पेपरही तसाच वाचतो: आधी उलटून, मग निरखून. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झालेल्या या दगडी इमारतीत भाजीचा भाव आणि जगाची खबर एकाच पिशवीतून घरी जाते.

काही बातम्या घासाघिशीच्या गडबडीतही रेंगाळतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ही तशीच एक. रायगड, राजगड, प्रतापगड पावसाळी सहलींमुळे ओळखीचे. पण बारावा किल्ला तमिळनाडूतला जिंजी! छत्रपती राजारामांनी पडत्या काळात स्वराज्याचा कारभार तिथून चालवला. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं मन क्षणात दक्षिणेत पोचतं, हा रोजच्या दिवसातला खरा आनंद आहे, आणि तो मथळ्यापाशी थांबणाऱ्याला मिळत नाही.

बिल भरणं, दळण टाकणं, कोथिंबीर निवडणं चालूच राहील. वाचकांनी आज एक बातमी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी आणि घरात कुणाला तरी सांगावी.