शिव्हलरी : कोणत्या स्त्रीसाठी?

इंग्रजी साहित्याच्या वर्गात मध्ययुगीन काव्य आले की 'शिव्हलरी'चे गोडवे सुरू होतात. नाइट म्हणजे शूर, एकनिष्ठ, स्त्रीचा रक्षक! आमचा साधा प्रश्न आहे : कोणत्या स्त्रीचा?

जेफ्री चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधली नाइटची कथा घ्या. पॅलामन आणि आर्साइट एमिलीसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. एमिली मात्र डायना देवीला विनवते की मला लग्नच नको. तिचे ऐकतो कोण? शेवटी थिसिअस ठरवतो आणि ती पॅलामनच्या पदरी पडते. राजघराण्यातल्या स्त्रीची ही गत, तर कष्टकऱ्याच्या लेकीचे काय? त्या इंग्लंडमध्ये भूदासाला मुलीच्या लग्नासाठी जमीनमालकाला 'मर्चेट' नावाची रक्कम द्यावी लागे. १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी बंड करून ही भूदासगिरीच रद्द करा, अशी मागणी केली. शिव्हलरीच्या गोडव्यांत हे का येत नाही?

आता 'वाइफ ऑफ बाथ'ची कथा. आर्थरच्या दरबारातला नाइट एकट्या मुलीवर बलात्कार करतो. कायद्याने त्याला मृत्युदंड होतो, पण राणी रदबदली करते. स्त्रियांना सर्वात जास्त काय हवे असते, हे शोधायला त्याला वर्षभराची मुदत मिळते. एक गरीब म्हातारी उत्तर सांगून त्याचा जीव वाचवते आणि बदल्यात लग्न मागते. तेव्हा हा गुन्हेगार कुरकुरतो : तू म्हातारी, कुरूप, त्यात हलक्या कुळातली! बलात्काराने त्याचे कुळ बाटले नाही, लग्नाने बाटते! ओळखीचे वाटते ना?

म्हातारी त्याला सुनावते : थोरपण वाडवडिलांच्या रक्तातून येत नाही, ते आचरणातून येते; गरिबी ही लाज नव्हे. इंग्लंडमधले कुळ आणि इथली जात एकच नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण जन्माचा गर्व लग्नाच्या दारात उघडा पडतो, हे दोन्हीकडे खरे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये आंतरजातीय विवाहावर बोट ठेवले.

तरीही चॉसरला आम्ही डोक्यावर घेणार नाही. शेवटी म्हातारी सुंदर तरुणी होते, नवऱ्याच्या आज्ञेत राहते. गुन्हेगाराला बक्षीस! आणि ती पहिली मुलगी? तिला नाव नाही. तिला काय हवे, हे कोणीच विचारत नाही.

मित्रांनो, हे काव्य जरूर वाचा. पण वर्गात हात वर करून त्या मुलीबद्दल विचारा.